परक्या विजयाचा गुलाल

१८ डिसेंबर २०२२ च्या रविवारी, भारतीय वेळेनुसार रात्री साडेअकराच्या सुमारास, कतारच्या लुसैल स्टेडियमवर गोन्झालो मोंतिएलने शेवटची पेनल्टी जाळ्यात मारली आणि अर्जेंटिनाने फुटबॉलचा विश्वचषक तिसऱ्यांदा जिंकला. फ्रान्सविरुद्धचा सामना जादा वेळेनंतरही ३-३ असा बरोबरीत होता. पेनल्ट्यांवर निकाल ४-२ लागला. दोनच दिवसांनी, २० डिसेंबरला, ब्युनोस आयरेसमध्ये संघाची मिरवणूक निघाली. रस्त्यांवर लाखोंचा समुदाय लोटला. बसला पुढे सरकायला जागा उरली नाही, म्हणून खेळाडूंना हेलिकॉप्टरमधून न्यावे लागले. सरकारने त्या दिवशी सुट्टीच जाहीर केली होती.

अर्जेंटिनात हे व्हावे यात नवल नाही. नवल आहे ते कोल्हापूरच्या पेठांचे. तिथेही त्याच रात्री फटाके फुटले, निळे-पांढरे झेंडे घेऊन पोरे दुचाकींवरून फिरली, हलगी कडाडली. मराठवाड्यातल्या नांदेड-लातुरात मात्र त्या रात्री चौक भरले नाहीत. तिथला आनंद मुख्यतः वसतिगृहांच्या खोल्यांत आणि मोबाइलच्या पडद्यांवर साजरा झाला. याच दोन शहरांत भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला की मध्यरात्री वाहतूक थांबते. म्हणजे उत्साहाची कमतरता कुठेच नाही. तो कोणत्या खेळासाठी रस्त्यावर येतो आणि कोणत्या खेळासाठी घरात राहतो, याला मात्र स्थानिक कारणे आहेत, आणि ती तालमीच्या मातीपर्यंत जातात.

भारताचा पुरुष फुटबॉल संघ विश्वचषकाच्या मुख्य फेरीत आजवर कधीच खेळलेला नाही. १९५० मध्ये संधी आली होती, पण संघ ब्राझीलला गेला नाही. जुलै २०२५ मध्ये फिफाच्या क्रमवारीत भारत १३३ व्या स्थानी घसरला. तेव्हा विश्वचषक बघणाऱ्या भारतीय माणसाला दुसऱ्याचा देश निवडावा लागतो. ही निवड बहुतेकांची दोन नावांवर येऊन थांबते: ब्राझील आणि अर्जेंटिना. अर्जेंटिनाचे वेड पसरले ते १९८६ च्या स्पर्धेपासून. दूरदर्शनची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे १९८४ पासून देशभर झपाट्याने उभी राहत होती आणि त्यामुळे मेक्सिकोतले सामने रात्री उशिरा भारतीय घरांत दिसू लागले. २२ जून १९८६ ला दिएगो मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध केलेले दोन गोल त्या पिढीने पाहिले, एक हाताने केलेला आणि दुसरा निम्म्या मैदानातून प्रतिस्पर्ध्यांना चकवत नेलेला. इंग्लंडला हरवणारा बुटका, सावळा माणूस इथल्या लोकांना आपला वाटला. त्याचा वारसा पुढे लिओनेल मेस्सीकडे आला. २०११ मध्ये मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर व्हेनेझुएलाविरुद्ध खेळून गेला, तेव्हा हे नाते आणखी घट्ट झाले.

केरळात कोळिकोडजवळच्या पुल्लवूर गावी २०२२ च्या स्पर्धेआधी नदीच्या पात्रात मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे भले मोठे कटआउट उभे राहिले आणि त्यांचे छायाचित्र जगभर गेले. गोव्यात २०१२ पासून फुटबॉल हा राज्याचा अधिकृत खेळ आहे. तिथे पोर्तुगालच्या चाहत्यांची बाजू नाजूक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा बसवला तेव्हा काहींनी काळे झेंडे दाखवले, कारण ज्या देशाच्या राजवटीतून गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला त्याच देशाच्या खेळाडूचा तो पुतळा होता. पुतळा राहिला, चाहतेही राहिले. परक्या देशाच्या विजयात आनंद मानताना माणूस इतिहास विसरत नाही, हे गोव्याच्या त्या वादातून दिसते.

महाराष्ट्रात या वेडाची राजधानी कोल्हापूर. तिथली गोष्ट इतर शहरांहून वेगळी आहे, कारण तिथे विश्वचषक चार वर्षांनी येतो पण फुटबॉल दर हंगामाला असतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून काम करते आहे. तिच्या लीगमधल्या संघांची नावे वाचली की सगळा उलगडा होतो: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात पेठोपेठी तालमी बहरल्या त्या कुस्तीसाठी. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. तालमीत पोर वाढते, तिथेच गणपती बसतो, तिथेच मोहरमचा पंजा बसतो आणि तिथलाच संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरतो. सामन्याला तिकीट काढून हजारो लोक येतात. त्यांच्यासाठी मैदानावर अकरा खेळाडूंच्या जागी अख्खी पेठ खेळत असते.

या निष्ठेची दुसरी बाजूही कोल्हापूरकरांना ठाऊक आहे. दोन पेठांच्या समर्थकांत हाणामाऱ्या झाल्या आहेत, दगड भिरकावले गेले आहेत, हुल्लडबाजीपायी सामने थांबवावे लागले आहेत. तरीही हे मान्य करावे लागेल की महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शहराने स्थानिक फुटबॉल इतका जपलेला नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता, तो याच वातावरणातून आलेला. विश्वचषकाच्या महिन्यात पेठांत जे झेंडे लागतात ते या रोजच्या निष्ठेवर लागतात. तालमीला ब्राझील आणि अर्जेंटिना निवडणे अवघड जात नाही, कारण बाजू घेण्याची तिला सवयच आहे.

आणि इथे लातूरचा संबंध येतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले. त्यांची जडणघडण कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत झाली. नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते 'मामा' म्हणून वस्तादकी करू लागले आणि मराठवाड्यातल्या पोरांची रांगच त्यांच्याकडे लागली. लातूर जिल्ह्यातले काका पवार त्यांचेच पठ्ठे. ते अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि स्वतः नामांकित वस्ताद बनले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे याच परंपरेतला. त्याने एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. कोल्हापूरच्या तालमींनी कुस्तीच्या शेजारी फुटबॉल वाढवला. मराठवाड्यातल्या तालमी कुस्तीवरच राहिल्या.

म्हणून मराठवाड्यातल्या जल्लोषाची रीत समजून घ्यायची तर आधी कुस्तीचा फड बघावा लागतो. लातुरात महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. दोन्हीकडे कुस्त्यांचा फड लागतो. सुरुवातीला नारळावरच्या लहान पोरांच्या कुस्त्या, मग इनाम चढत जाते, शेवटी मानाची कुस्ती. हलगीवाला जोडीभोवती फिरत असतो. डाव रंगला की त्याची लय चढते. पाठ लागली की क्षणात माणसे फडात घुसतात. जिंकलेल्या मल्लाला कुणीतरी खांद्यावर घेते, फेटा बांधतात, गुलाल उधळतात आणि त्याला फडाभोवती फिरवतात. फिरताना लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात: दहाची, पन्नासची, शंभराची. ज्याने कधी लंगोट लावला नाही तोही नोट पुढे करतो आणि त्या विजयात आपला वाटा घेतो. जत्रेतला हा सोहळा जेमतेम दहा मिनिटांचा असतो, पण सार्वजनिक आनंद कसा करायचा हे खेडोपाडी माणूस त्यातच शिकतो. खांदा, फेटा, गुलाल, वाद्य आणि फेरी या पाच गोष्टी पुढे गणेश विसर्जनात आल्या, निवडणुकीच्या निकालात आल्या आणि क्रिकेटच्या विजयातही आल्या.

क्रिकेटचा विजय या भागात सुरुवातीला कानांनीच आला. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये. पुढच्याच वर्षी, २५ जून १९८३ ला, कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवले, तेव्हा मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत टीव्हीचे चित्र पोचत नव्हते. रेडिओभोवती बसलेल्यांना विजय कळला, पण तो मिरवायला रस्त्यावर यावे अशी रीत तोवर पडलेली नव्हती. ती पडली टीव्ही आणि केबल घरोघर आल्यावर. २४ सप्टेंबर २००७ ला जोहान्सबर्गमध्ये पाकिस्तानवर ५ धावांनी मिळवलेला विजय, २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीच्या षटकाराने संपलेला अंतिम सामना, २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनमध्ये दक्षिण आफ्रिकेवर ७ धावांनी केलेली मात: या रात्रींनी ती रीत पक्की केली.

लातुरात अशा रात्री माणसांचा ओघ गांधी चौक, शिवाजी चौक आणि गंजगोलाईकडे असतो. गंजगोलाई ही वर्तुळाकार बाजारपेठ, मध्ये जगदंबेचे मंदिर आणि भोवताली फुटणारे सोळा रस्ते. दिवसा तिथे सराफा, कापड, भांडी, किराणा यांची गर्दी. विजयाच्या रात्री शटर बंद आणि सोळा रस्त्यांनी येणाऱ्या दुचाकी एकाच गोलात. गोल असल्यामुळे मिरवणुकीला शेवट नसतो, पोरे फेऱ्या मारत राहतात. नांदेडात वजिराबाद, आयटीआय चौक आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचा परिसर अशा वेळी भरतो. सायलेन्सर काढलेल्या गाड्या, मागच्या सीटवर उभा राहून तिरंगा धरणारा, पानटपरीवाल्याने उशिरापर्यंत चालू ठेवलेला दिवा आणि कुठून तरी आलेला गुलाल. ब्रिजटाउनच्या विजयाचा गुलाल आणि माळेगावच्या फडातला गुलाल एकाच दुकानातला असतो, इतके हे नाते सरळ आहे.

फुटबॉलचा विश्वचषक या दोन शहरांत वेगळ्या वाटेने आला. दोन्ही शिकवणीची शहरे. 'लातूर पॅटर्न'ने राज्यभरातून विद्यार्थी लातुरात आणले, उद्योग भवन परिसरात क्लास आणि मेस यांची दाटी झाली. नांदेडात १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, त्याआधीपासून श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी आलेली हजारो मुले आहेत. २०२२ चे सामने जिओसिनेमावर फुकट दिसत होते. खोलीत चार जणांत एक मोबाइल, पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, आवाज कमी, कारण शेजारी कुणीतरी दुसऱ्या दिवशीच्या चाचणीसाठी वाचत असतो. मोबाइलवरचे चित्र टीव्हीपेक्षा काही सेकंद मागे चालते. त्यामुळे गोल दिसण्याआधीच पलीकडच्या इमारतीतून आरोळी ऐकू येते आणि मग चौघेही श्वास रोखून आता तो कसा होतो याची वाट बघतात. ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला किलियन एमबाप्पेने लागोपाठ दोन गोल केले, १०८ व्या मिनिटाला मेस्सीने आघाडी परत घेतली, ११८ व्याला एमबाप्पेने ती पुन्हा पुसली. जगाने बघितलेल्या सर्वोत्तम अंतिम सामन्यांपैकी तो एक होता, हे मत अतिशयोक्त म्हणता येणार नाही.

खोलीतला चाहता आणि पेठेतला चाहता यांच्या प्रेमात कमी-जास्त काही नाही. फरक आहे तो संघटनेचा. खोलीतल्या मुलामागे तालीम नाही, मंडळ नाही, वर्गणी गोळा करून पडदा लावणारे कुणी नाही. परीक्षा झाली की तो गाव सोडून जातो आणि त्याच्या जागी नवा येतो. म्हणून या शहरांत मेस्सीचे चाहते पुष्कळ आहेत, पण अर्जेंटिनाचा चौक नाही.

मराठवाडा फुटबॉलपासून कायमच दूर होता असेही नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तरी १९५६ पर्यंत नांदेड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हैदराबाद राज्यातच होते, आणि हैदराबाद हे त्या काळी भारतीय फुटबॉलचे मोठे केंद्र होते. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. याच रहीमसाहेबांनी भारताला १९५१ आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवून दिले. ४ सप्टेंबर १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले तेव्हा प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते, कर्करोगाने पोखरलेले रहीमसाहेब बाकावर बसून होते, आणि डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेलसिंग आघाडीला खेळून गोल करत होता. त्याआधीचा पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा. भारतीय फुटबॉलचा हा सर्वांत मोठा विजय. पुढच्या वर्षी रहीमसाहेब गेले. त्या विजयाचे थेट चित्र देशात कुणी पाहिले नाही. आपल्याच देशाचा विजय लोकांना वर्तमानपत्रातून समजला, आणि साठ वर्षांनी परक्या देशाचा विजय मिनिटा-मिनिटाने बघून लोकांनी फटाके उडवले. सुवर्ण आले त्या वेळी मराठवाडा महाराष्ट्रात सामील झालेला होता आणि हैदराबादच्या मैदानांशी असलेला त्याचा धागा विरत चालला होता.

बघणाऱ्याच्या अंगात विजय कसा भिनतो याचा अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले की महाविद्यालयाचा संघ शनिवारी जिंकला की सोमवारी त्याच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. १९९४ च्या विश्वचषकाचा ब्राझील-इटली अंतिम सामना टीव्हीवर बघणाऱ्यांची लाळ तपासली, तेव्हा ब्राझीलच्या चाहत्यांत टेस्टोस्टेरॉन वाढलेले आणि इटलीच्या चाहत्यांत उतरलेले आढळले. खेळले दुसरेच, फरक पडला तो बघणाऱ्यांच्या रक्तात. २००६ च्या स्पर्धेत म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराचे तातडीचे प्रसंग एरवीच्या २.६६ पट होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना अंतिम सामन्याच्या रात्री गोळी वेळेवर द्यावी, हा सल्ला या आकड्यावरून कुणीही देऊ शकेल.

गर्दीचे धोके याहून मोठे. ४ जुलै २०२४ ला विश्वविजेत्या क्रिकेट संघासाठी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर जनसागर लोटला, त्यात काही जण गुदमरले, जखमी झाले. ४ जून २०२५ ला बंगळुरूत आयपीएलच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. ती माणसे हौसेने आली होती. घाईत ठरवलेला कार्यक्रम आणि अपुरी व्यवस्था यांनी त्यांचा घात केला. लहान शहरांत धोका वेगळा असतो. भरधाव दुचाकी, गर्दीत फेकलेले सुतळी बॉम्ब, तिघे-चौघे एका गाडीवर. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही आणि मोठे अंतिम सामने नेमके त्यानंतरच संपतात, त्यामुळे पोलिसांना डीजेवाल्याच्या मागे धावावे लागते. भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री नांदेड-लातूरसारख्या मिश्र वस्तीच्या शहरांत बंदोबस्त वाढतो. अशा वेळी कोण किती आनंदला हे कुणी कुणाच्या दारात जाऊन तपासू नये. त्या तपासणीत खेळाचे प्रेम नसते, आणि गल्लीत पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिलेल्यांत त्यामुळे दुरावा येतो.

फुटबॉल खेड्यांत नेण्याचा एक मोठा प्रयत्न १५ सप्टेंबर २०१७ ला झाला. सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर राज्य सरकारने एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असे ठरवले, शाळांना चेंडू वाटले. मराठवाड्यातल्या शाळांतही चेंडू पोचले. त्या दिवसाचे हेतू चांगले होते, पण चेंडूपाठोपाठ मैदान, प्रशिक्षक आणि तालुक्याची लीग यायला हवी होती. हिरवळीच्या मैदानाला पाणी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. अशा शहराने हिरवळ जपावी ही अपेक्षा कठीण आहे. कुस्तीला आणि खो-खोला माती पुरते. मराठवाड्यातून या दोन खेळांचे खेळाडू का निघाले, याचे निम्मे उत्तर पावसाच्या नोंदवहीत सापडते. नांदेडची गोष्ट थोडी निराळी: तिथे शीख समाजामुळे हॉकी रुजली आणि श्री गुरु गोबिंदसिंघजी गोल्ड व सिल्व्हर कप या अखिल भारतीय स्पर्धेला देशभरातून संघ येतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ जानेवारीला भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० आणि पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. शेजारच्या धाराशिवने सारिका काळेसारखी अर्जुन पुरस्कारविजेती खो-खोपटू दिलेली आहे. नांदेडची भाग्यश्री जाधव पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिलबरोबर भारताचा ध्वज घेऊन चालली. हे विजय आणि हे मान मराठवाड्याचे स्वतःचे आहेत. ज्या उत्साहाने गंजगोलाईला क्रिकेटसाठी फेऱ्या होतात, त्याच्या चौथाईनेही त्यांचे स्वागत व्हायला हवे. त्यासाठी रात्रीचा सामना टीव्हीवर दिसावा लागतो, नियम घरच्यांना ठाऊक असावे लागतात आणि तालुक्याच्या स्पर्धांना प्रेक्षक यावे लागतात. कोल्हापूरकरांनी फुटबॉलसाठी हे तीन-चार पिढ्यांत केले.

पुढचा फुटबॉल विश्वचषक जून-जुलै २०२६ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे. प्रथमच ४८ संघ आणि १०४ सामने. भारतात बहुतेक सामने मध्यरात्री ते सकाळ या वेळात दिसतील, आणि न्यू जर्सीतला अंतिम सामना १९ जुलैला तिथे दुपारी असला तरी इथे सोमवार, २० जुलैची पहाट उजाडण्याआधी, साडेबाराला सुरू होईल. कोल्हापूरच्या मंडळांना भर पावसाळ्यात पडदा लावायला छताची सोय करावी लागेल. नांदेड-लातुरात नव्या शैक्षणिक वर्षाचे वर्ग तेव्हा सुरू झालेले असतील आणि सामना पुन्हा खोल्यांतच बघितला जाईल.